ओमुराइसच्या कृतीत पाणी चुकले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जपानी ऑम्लेट-भात’ या नावाने एक कृती आली आहे. चित्र झकास आहे. पण खाली दिलेल्या प्रमाणाने चित्रातला पदार्थ कुणाच्याही घरी होणार नाही. दोन अंड्यांना तीन वाट्या भात, केचप थेट भातावर ओतायचे, आणि वर ‘ऑम्लेट कापताच आतले अंडे वाहिले पाहिजे’ अशी सूचना. पहिल्या दोन गोष्टींनी पदार्थ बिघडतो. तिसरी गोष्ट नागपूरच्या मे महिन्यात सरळ धोक्याची आहे. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी नावाचे. केचपमध्ये परतलेला भात अंड्याच्या पातळ चादरीत गुंडाळायचा, या पदार्थाला जपानात ओमुराइसु म्हणतात; फ्रेंच ऑम्लेट आणि इंग्रजी राइस हे दोन शब्द जपानी तोंडात बसले की असे होतात. मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) पाश्चात्त्य पदार्थ जपानी पद्धतीने करण्याची जी चाल पडली, तिला योशोकु म्हणतात, आणि हा त्यातलाच पदार्थ. तोक्योच्या गिंझातले रेंगातेई आणि ओसाकाचे होक्क्योकुसेई ही दोन्ही उपाहारगृहे त्याचे जनकत्व सांगतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ साली जपानी मदतीतून उभे राहिले, तेव्हा जपान नागपूरकरांना परका नाही. पदार्थ मात्र आता कुठे पोचतोय, तर तो नीट पोचावा.

सगळी मेख भातात आहे. जपानी तांदूळ आखूड, जाड दाण्याचा. त्याची शिते एकमेकांना धरून राहतात, म्हणून अंड्यात गुंडाळलेला भात चमच्याने तोडला तरी भसकन कोसळत नाही. तांदळात अमायलोज हा स्टार्च जितका कमी, तितका भात चिकट. बासमती त्यामुळे बाद. त्याची लांब सुटी शिते पातळ अंड्यातून टोके काढतात आणि घडीच्या जागी ते फाटते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत चिकटपणाला इंद्रायणी चांगला. चिन्नोर मऊ होतो, उत्तम बसतो, पण भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर आणून त्यावर केचप घालणे आमच्या जिवावर येते. रोजचा एचएमटी किंवा जय श्रीराम जातीचा तांदूळही चालेल, नवा असेल तर अधिक बरा. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ मोकळा होतो, तो पुलावाला ठेवा.

चिकट म्हणजे गिचका नव्हे, आणि इथेच घोटाळा होतो. वरणभाताला आपण वाटीला दोन वाट्या पाणी घालतो. ओमुराइसच्या भाताला केचप, कांदा आणि लोणी यांचा ओलावा पुढे मिळणार असतो. म्हणून तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवून निथळून घ्या आणि वाटीला दीड वाटी पाणी घाला. जुनाच तांदूळ घरात असेल तर पावणेदोन. कुकर आपोआप सुटू द्या. मग भात लगेच परातीत पसरून पंख्याखाली दहा मिनिटे ठेवा. वाफ निघून गेली की शिते आतून मऊ, वरून कोरडी होतात. हे केले नाही तर परतताना भाताची पेज होते, आणि मग आंच कितीही वाढवली तरी ती सुधारत नाही, फक्त तळाला लागते.

शिळा भात वापरायला हरकत नाही, उलट परतायला तो सोपा जातो. मात्र ‘रात्रीचा उरलेला भात घ्या’ एवढेच छापून चालणार नाही. शिजवूनही तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात. ओट्यावर राहिलेल्या कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचे उलट्या करवणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उन्हाळ्यात इथे रात्रीही ओटा थंड होत नाही. तेव्हा भात शिजल्यावर तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये गेलेला असावा, दुसऱ्या दिवशी संपावा. फ्रिजमधला भात खडबडीत होतो. त्यावर चमचाभर पाणी शिंपडून, झाकून मिनिटभर वाफ द्या, मग परता.

प्रमाण एका माणसाचे देतो आहोत, कारण ओमुराइस एका वेळी एकच होतो. ७५ ग्रॅम तांदूळ शिजवला की १८० ग्रॅमच्या आसपास भात होतो, म्हणजे नेहमीच्या वाटीने गच्च भरून एक वाटी. दोन अंड्यांच्या चादरीत एवढाच मावतो. पुरवणीतल्या तीन वाट्या गुंडाळायला सहा अंडी लागतील आणि मग पॅन नव्हे, पोळ्यांचा तवाही अपुरा पडेल.

त्याशिवाय लागते ते असे: ५० ग्रॅम बिनहाडाचे कोंबडीचे मांस, मांडीचे असेल तर बरे, सेंटिमीटरभर तुकडे करून, पाव मोठा कांदा अगदी बारीक चिरून, एक मोठा चमचा वाफवलेले मटार, दोन मोठे चमचे केचप, दहा ग्रॅम लोणी, अर्धा छोटा चमचा सोया सॉस, मिठाची चिमूट आणि मिरपूड. मांस न खाणाऱ्यांनी चार-पाच मश्रूम घ्यावेत, पण ते आधी वेगळे परतून त्यांचे पाणी पूर्ण आटवावे. पनीर नको, ते केचपमध्ये रबरी होते.

लोण्याच्या निम्म्या भागात कांदा मध्यम आंचेवर तीन-चार मिनिटे परता. तो पारदर्शक व्हायला हवा, लाल नको. मग मांस, ते पूर्ण शिजेपर्यंत. आता हे सगळे पॅनच्या एका बाजूला सारा आणि मोकळ्या जागेत केचप टाका. केचपमध्ये दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. ते भातावर ओतले की पाणी भात पितो आणि आंबटगोड कच्ची चव तशीच राहते. एकटे परतले तर पाऊण मिनिटात पाणी उडते, साखर जराशी भाजते, रंग लालवरून विटकरी होतो आणि कडेला लोणी सुटलेले दिसते. ही खूण दिसली की मटार, सोया सॉस आणि भात. सराट्याच्या धारेने भात कापत कापत मिसळा. दाबून घोटलात तर खिचडी होईल. आपल्याकडची केचप बरीच गोड असतात, म्हणून शेवटी व्हिनेगरचे चार थेंब. ‘तिखट-गोड’ लिहिलेले केचप आणू नका, त्यातला लसूण आणि मिरची अंड्याची चव झाकून टाकतात. आणि हो, सावजी मसाला घालण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतोच. जरूर घाला, खायला छान लागेल. फक्त त्याला ओमुराइस म्हणू नका.

तयार भात वाटीत हलका दाबून झाकून ठेवा. अंडे होताना तो गरमच हवा, कारण अंड्यात गेल्यावर त्याला पुन्हा उष्णता मिळत नाही.

अंड्याला दोन अंडी, एक मोठा चमचा दूध, मिठाची चिमूट, आणि एक छोटा चमचा पाण्यात कालवलेले अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोर. कॉर्नफ्लोर शिजताना पाणी धरून ठेवते, त्यामुळे पातळ चादर दुमडताना तडकत नाही. काट्याने फेस न आणता मोडा, मग चहाच्या गाळणीतून गाळा. हे नखरे वाटतील, पण पांढऱ्याचा जो दोरा राहतो, तोच पॅनमध्ये आधी थिजून पांढरा डाग पाडतो आणि चादर तिथेच फाटते.

डोशाचा सपाट नॉनस्टिक तवा इथे चालत नाही, कारण अंड्याला काठाचा आधार लागतो. तळाला २४ सेंटिमीटरच्या आसपास, कडा उतरत्या आणि गोल असलेला, ओरखडे नसलेला पॅन हवा. पॅनमध्ये तेलाचे दोन-तीन थेंब टाकून कागदाने पुसून घ्या. तेल वास नसलेले असावे, फल्लीचे (शेंगदाण्याचे) नको. मध्यम आंचेवर मिनिटभर तापवा. रिकामा पॅन मोठ्या आंचेवर विसरू नका, नॉनस्टिकचा थर २६० अंश सेल्सिअसपुढे खराब व्हायला लागतो. पाच ग्रॅम लोणी टाका. त्याचा फेस बसायला लागला की काट्याच्या टोकावर अंडे घेऊन एक रेघ ओढून पाहा. चुर्र आवाज येऊन रेघ लगेच थिजली पाहिजे. रेघ पसरली तर पॅन थंड आहे, अंडे चिकटेल. रेघ तपकिरी झाली तर जास्त तापला आहे. पॅनचा तळ ओल्या फडक्यावर दोन सेकंद टेका.

सगळे अंडे एकदम ओता. पहिली दहा सेकंदे कडेकडून मध्याकडे भराभर हलवा, मग थांबा आणि पॅन फिरवून चादर सारखी करा. अर्ध्या-पाऊण मिनिटात खालची बाजू धरते, वर ओलसर तकाकी उरते. तिथेच गॅस बंद. तकाकी जाईपर्यंत थांबलात तर घडी चिरते, हीच या पदार्थातली सर्वांत नेहमीची चूक. इंडक्शनवर कमी आकड्याला उष्णता चालू-बंद होत राहते आणि चादरीवर पट्टे उमटतात. शेगडी असेल तर शेगडीच वापरा.

भात मधोमध न ठेवता दांड्याच्या विरुद्ध बाजूला थोडा सरकवून होडीसारखा आडवा लावा. जवळची कड सराट्याने त्यावर टाका, पॅन तिरका करून सगळे पुढच्या काठाशी सरकवा. आता दांडा तळवा वर करून उलट पकडीने धरा, ताटली पॅनच्या काठाला भिडवा आणि एका झटक्यात पॅन ताटलीवर पालथा करा. वेडेवाकडे पडले तर घाबरू नका, जपानातही पडते. वर स्वच्छ कागदी रुमाल टाकून दोन्ही तळव्यांनी लिंबासारखा निमुळता आकार द्या आणि कडा खाली खोचा. पहिल्या दोन-तीन वेळा उलटायचे नसेल तर वाटीतला भात ताटलीत पालथा घालून त्यावर चादर पसरा. चवीत फरक नाही.

आता त्या वाहणाऱ्या अंड्याबद्दल. क्योटोतल्या किचि किचि या छोट्या उपाहारगृहाचे शेफ मोतोकिचि युकिमुरा सुरी फिरवतात आणि भातावरचे ऑम्लेट फुलासारखे उघडते, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले आहेत. ती कला खरीच. पण जपानात अंडी कच्ची खाल्ली जातात. तिथे ती धुऊन, तपासून येतात आणि त्यांच्यावरची तारीखच कच्चे खाण्याच्या हिशेबाने टाकलेली असते. आपल्याकडे दुकानाबाहेर ४५ अंशांत ट्रेवर ट्रे रचून ठेवलेली सुटी अंडी मिळतात. पाण्यात बुडते ते ताजे, ही परीक्षा वय सांगते, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू आहे की नाही ते सांगत नाही. अंड्याचा पांढरा भाग ६२-६५ अंशांना धरायला लागतो, पिवळा ६५ ते ७० दरम्यान. वाहणारे अंडे म्हणजे तिथवर न पोचलेले अंडे. लहान मुले, गरोदर बायका आणि वयस्कर माणसे यांना ते देऊच नये. गुंडाळलेल्या पद्धतीत वरची तकाकी गरम भाताच्या वाफेवर आत धरते. घरच्या लहान-वयस्करांसाठी मात्र घडीनंतर पॅनवर झाकण ठेवून मंद आंचेवर मिनिटभर आणखी द्या. चादर किंचित जाड लागेल, चालेल.

वर चमचाभर केचप, बस. सॉसच हवा असेल तर दोन चमचे केचप, एक चमचा वूस्टर सॉस, दोन चमचे पाणी आणि थोडे लोणी दोन मिनिटे आटवा. सांभार (कोथिंबीर) भुरभुरू नका. लगेच खा, पाच मिनिटांनी अंड्याला पाणी सुटते आणि डब्यात तर ते नक्कीच सुटते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर जागा थोडी लागेल: तीन वाट्यांऐवजी एक वाटी भात, केचप भाताआधी परतून, आणि ‘वाहिले पाहिजे’ हे वाक्य काढून टाकावे.

आपल्या,
स्वयंपाकाचे वर्ग घेणाऱ्या दोघी,
धरमपेठ, नागपूर