डॉक्टर नदीच्या अलीकडचाच हवा

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

डॉक्टरकाका दिवाळीनंतर दवाखाना बंद करणार, हे काल आई फोनवर सांगत होती आणि मागून बाबांचा आवाज आला, "बघू, होईल काहीतरी." ते काहीतरी काय हे ठरवायलाच हे पत्र. फोनवर हा विषय निघाला की बाबा टीव्ही मोठा करतात. कागद निदान पुरता वाचाल.

डॉक्टरकाकांसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही, हे मला मान्य आहे. माझ्या गोवरापासून आजोबांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळं त्यांच्याच हातून गेलं. पण खरं सांगायचं तर दांडिया बाजार सोडून आपण वासणा रोडला आलो, तेव्हाच जवळचा दुसरा डॉक्टर बघायला हवा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा काय झालं ते आठवा. पूल बंद, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी, बाबांचं बीपी १८० वर आणि डॉक्टर नदीपलीकडे. काकांनी फोनवर गोळी सांगितली, पण मेडिकल कुठे उघडं होतं? नदीने काही आपल्याला पुन्हा चढणार नाही असं लिहून दिलेलं नाही.

इथे इंग्लंडात लेस्टरला आल्यावर घर लावायच्या आधी आम्ही जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नावं घातली. तुमचा पत्ता ज्या दवाखान्याच्या हद्दीत येतो तिथे फॉर्म भरायचा. पैसे लागत नाहीत. मग एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दहा आकडी नंबरावर तुमचे सगळे कागद जमत राहतात, आणि हृदयाचा असो की हाडांचा, मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर साधारणपणे आधी जीपीची चिठ्ठी लागते. फॉर्मवर जन्मगाव वडोदरा बघून काउंटरवरच्या बेन सरळ गुजरातीतच सुरू झाल्या, त्यामुळे माझं काम झटपट झालं. फार हुरळून जाऊ नका. अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून ताटकळावं लागतं, आणि साध्या खोकल्याला पाणी प्या म्हणून घरी पाठवतात. बाबांना तर तो अपमानच वाटेल.

आपल्याकडे असं नाव लागण्याची पद्धत नाही. कोणीही उठून थेट हार्टवाल्याकडे जाऊ शकतो, आणि बाबा जातात. सोय आहेच त्यात. पण मग सगळ्यांनी लिहिलेलं एकत्र बघायला कोणी उरत नाही. गेल्या महिन्यात आईने व्हिडिओवर लीलो चेवडोचा जुना डबा उघडून एकेक पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. त्यातल्या दोन पट्ट्यांचा रंग वेगळा, नाव वेगळं, कंपनी वेगळी, आणि खाली बारीक अक्षरात दोन्हींवर टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीची तीच गोळी. एक हार्टवाल्यांनी लिहिलेली, एक शुगरवाल्यांनी. बाबा एक सकाळी घेत होते, एक रात्री. आणि उठताना चक्कर येते म्हणून तिसरीकडे जाऊन मानेचा एक्स-रे काढून आले होते! शेवटी डॉक्टरकाकांनीच त्यातली एक बंद केली. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक त्याच डब्यात होती. ती बीपी चढवू शकते आणि किडनीवर ताण आणते. बीपीच्या या गोळीबरोबर रोज घेतली तर जास्तच. हाडांच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल असं नाही. बाबांनी त्यांना बीपीचं सांगितलंच नव्हतं, का तर "तो त्यांचा विषय नाही."

म्हणून मला एकच माणूस हवाय, जो तो अख्खा डबा आपला मानेल. हार्टवाले, शुगरवाले राहू द्यात, पण त्यांनी काहीही नवं लिहिलं की आधी ते या माणसाच्या नजरेखालून जायला हवं.

तो एमबीबीएस असावा किंवा एमडी मेडिसिन. आईचा तिच्या वैद्यांवर विश्वास आहे, तिने पित्तासाठी खुशाल जावं. या गोळ्यांचा हिशेब मात्र त्यांच्याकडे नको. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो, तो बघून घ्या. आपल्यातलाच, मराठीच पाहिजे, हा हट्ट बाबांनी सोडावा. आईचं अर्धं आयुष्य खंडेराव मार्केटमध्ये गुजरातीत भाव करण्यात गेलंय, तिचं काही अडणार नाही. दवाखाना तळमजल्यावर असावा, नाहीतर लिफ्ट तरी असावी. रविवारी काय, गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण, अगदीच वेळ आली तर घरी येतात का, हे तोंडावर विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही कळलेलं बरं.

आणि धडधाकट असताना जा. ताप भरल्यावर नवा डॉक्टर फक्त ताप बघतो. पहिल्याच भेटीत त्यांनी डब्यातल्या पट्ट्या उलटून बघितल्या, बाबांचं बसून आणि मग उभं करून बीपी घेतलं, तर तिथेच केस काढा. यातलं काहीच न करता सहा तपासण्या लिहून दिल्या आणि त्या अमुकच लॅबमधून करा म्हणाले, तर फी द्या, नमस्कार करा आणि घरी या. यंदाची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस, हे दोन्ही त्यांना विचाराच.

सगळ्यात घाईचं काम मात्र डॉक्टरकाकांकडे आहे. दवाखाना बंद व्हायच्या आत त्यांच्याकडून दोघांची एकेक पानाची हकीकत लिहून घ्या: कोणता आजार कधीपासून, कोणतं औषध सोसलं नाही, ऑपरेशन कधी झालं. पेनिसिलिनने आईच्या अंगावर गांधी उठून घसा सुजला होता, ते आपल्या एकाही कागदावर नाही, फक्त काकांच्या डोक्यात आहे. ते तर लाल अक्षरात हवं. त्या पानाला शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा), क्रिएटिनिन (किडनीचं), ईसीजी आणि बाबांच्या अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड जोडा. सगळ्याचे फोटो काढून मला पाठवा.

बाबा म्हणतील, आयुष्मानचं कार्ड काढलंय ना. काढलंत ते छानच. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या पुढे ते उत्पन्न न विचारता मिळतं. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. महिन्याची तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि छातीत कळ आली, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, तर नव्या-जुन्या कुठल्याच फॅमिली डॉक्टरची वाट बघायची नाही. सरळ १०८.

शनिवारी मामा गाडी घेऊन येतोच आहे. आधी काकांकडे जा, पानं घ्या, त्यांनाच विचारा की वासणा-गोत्री भागात ते स्वतःच्या बहिणीला कुणाकडे पाठवतील. शेजारच्या बेननी सांगितलेला चौकातला दवाखाना चालत जाण्यासारखा आहे, तो पहिल्यांदा बघा. डबा आई पिशवीत घालेल. बाबांनी फक्त तिथे खरं बोलायचं: रात्री कितीदा उठता, आणि डॉक्टरांनी सांगूनही कोणती गोळी मधूनच सोडता.

तुमची,
वैदेही