पपनसावर ती आली!

प्रिय नंदे,

पपनसावर राणी पाकोळी, आपलं ब्लू मॉर्मन फुलपाखरू, आली आणि अंडी घालून गेली! फोन करणार होते पण फोनवर तू ‘हो का, हो का’ करत कुकर लावतेस, म्हणून लिहायलाच बसले. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, बाकी काही नाही.

तू सावंतवाडीहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं रोप, कंडक्टरने ‘याचं पण तिकीट फाडू का’ विचारलं होतं बघ, तेच. आता माझ्या डोक्यावर गेलंय. फळ एक धरत नाही म्हणून इथे सगळे त्याला वांझ म्हणतात, मला तो शब्दच सहन होत नाही. परवा पाऊस जरा उघडला आणि ही आली. आधी पेंटासच्या फुलांवर, तिथे पण नीट बसणं नाही, पंख फडफडवतच रस घेणं, आणि मग पपनसाच्या कोवळ्या पानांभोवती घिरट्या. अगं, पुढच्या पायांनी पान थापटून बघते, पायांनीच चव कळते ना त्यांना, आणि पटलं की पोट वाकवून एकच अंडं, गोल, फिकट पिवळसर. मग दुसऱ्या पानावर दुसरं. शेजारी गुलाब होता, त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी हातात झाडू धरून तशीच उभी. हे इथे कुणाला सांगू सांग.

आणि आता घोर हा की रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, बागेत दर महिन्याला फवारणी करायचं कंत्राट द्यायचं चाललंय. कारण काय, तर अळ्या आणि डेंग्यूचे डास! बी विंगच्या काकूंना कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी दिसली, आधी पक्ष्याच्या शिटेसारखी असते आणि मग हिरवीगार होते ती, हात लावला की डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढून वास सोडते. काकू किंचाळल्या. त्यांचा नातू मात्र रोज खाली येऊन तिला शिंगं काढायला लावतो, त्याला रागवावं की पापा घ्यावा कळत नाही.

डेंग्यूची भीती मला समजते गं, गेल्या वर्षी आमच्याच जिन्यात झाला होता. पण तो डास वाढतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, गच्चीवर टाकलेली टायरं, ती आठवड्याला ओतून कोरडी करा ना! पानावर औषध मारून ताटलीतला डास थोडाच जाणार आहे, अळ्या मात्र जातील. आणि हीच माणसं मला विचारतात, आम्ही पण झिनिया लावले, फुलपाखरं तुमच्याकडेच का राहतात? अहो फुलावर पोट भरतं, पण पिल्लं वाढवायला पान लागतं, आणि ते प्रत्येकीचं ठरलेलं. प्लेन टायगरला रुई, टॉनी कॉस्टरला कृष्णकमळ, एमिग्रंटला बहावा, रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून ते पोखरते. कढीपत्त्यावरची अळी उपाशी मरेल पण काकूंच्या जास्वंदीला तोंड लावणार नाही, हेच मला मीटिंगमध्ये ओरडून सांगायचंय. महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळीलाच राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, हेही सेक्रेटरींना सांगून झालं, तर म्हणाले मग सरकारने सांभाळावं. काय बोलणार! ठाण्याला ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत लोक मुद्दाम फुलपाखरं बघायला जातात आणि इथे दारात आलीत तर औषध मारायचं.

आणि हो, घाणेरी लाव म्हणून परत लिहू नकोस. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे मान्य, पण ती बाकी रान गिळते, तुझ्या घरामागचा डोंगर बघ. माझ्याकडे जमैकन स्पाइक आहे, हळदीकुंकवाचं झाड आहे, फुलांना तेवढं बास. यावरून आंबोलीच्या बसमध्ये आपण अबोला धरला होता, चिवडा मात्र दोघी एकाच पिशवीतून खात होतो.

आता दोन कामं. तुझ्या पपनसाचा फळांसकट फोटो आजच पाठव, मला तो मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवायचाय. आणि विहिरीकडच्या ईश्वरीच्या वेलीला बी धरलं की माझ्यासाठी ठेव, क्रिमझन रोज फुलपाखरू तिच्या कुळातल्या झाडांशिवाय अंडी घालत नाही आणि इथल्या नर्सरीत ती मिळत नाही.

सुनेची तारीख कधीची? भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? काजूचे पैसे आले का? सगळं कळव.

रविवारी सकाळी फोन जवळ ठेव, मी तुला मीटिंगमध्ये स्पीकरवर घेणार आहे. मालवणीत झापलंस तरी चालेल, उलट तेव्हाच ऐकतील.

तुझी,
शुभा