काळ्या पट्ट्या असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकी कृष्णधवल गूढमालिकांवरचा लेख आवडला. ‘द ट्वायलाइट झोन’ आणि ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ नव्या प्रेक्षकांना सुचवल्या, हे उत्तमच झालं. मात्र टीव्हीवर चित्राच्या बाजूला दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या खटकत असतील तर चित्र पडदाभर करून घ्यावं, हा त्यातला सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नये.

हे भाग ४:३ (रुंदी:उंची) चौकटीसाठी चित्रित झाले आणि आजचा टीव्ही १६:९ असतो. ‘झूम’ केलं की चित्राची पाव उंची कापली जाते. ‘स्ट्रेच’ केलं तर माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. बरं, जो भाग कापला जातो तो रिकामा नसतो. ११ नोव्हेंबर १९६० रोजी दाखवलेला ‘ट्वायलाइट झोन’चा ‘आय ऑफ द बिहोल्डर’ हा भाग घ्या. रुग्णालयाची खोली, चेहऱ्यावर बँडेज गुंडाळलेली बाई, भोवती डॉक्टर आणि नर्स. दिग्दर्शक डग्लस हेज आणि छायाचित्रकार जॉर्ज क्लेमेन्स यांनी जवळपास अख्खा भाग या डॉक्टर-नर्सचा एकही चेहरा नीट दिसू न देता रंगवला आहे. कुणी पाठमोरं, कुणाचे नुसते हात, कुणी सावलीत. बोलणं मात्र अखंड चालू, त्यामुळे ही चलाखी बराच वेळ लक्षातच येत नाही. झूम केलेल्या चित्रात डोकी तशीही छाटली जातात. मग चेहरा दिग्दर्शकाने लपवला की टीव्हीने खाल्ला, हे कळायचं कसं? ‘काही दिसतच नाही’ म्हणून ब्राइटनेस वाढवला तर काळ्याचं राखाडी होतं आणि सावलीत जे झाकलंय ते वेळेआधी उघडं पडतं. ब्राइटनेसला हात लावू नका, खोलीतला दिवा घालवा. आणि ओटीटीवरच्या भागांच्या यादीतल्या छोट्या चित्रांकडे फार निरखून पाहू नका. शेवटचं दृश्यच तिथे चिकटवण्याचा आचरटपणा सर्रास चालतो.

आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’, पिक्चर मोड ‘सिनेमा’, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ ठेवा, नाहीतर पांढऱ्यावर निळसर झाक येते. कलर शून्यावर आणला की उरलीसुरली छटाही जाते. शार्पनेस कमी आणि नॉइज रिडक्शन बंद. फिल्मचे कण पुसण्याच्या नादात ते चेहऱ्यांचं मेण करून टाकतं. सर्वांत घातक ते मोशन स्मूदिंग. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं स्टुडिओतल्या व्हिडिओसारखं गुळगुळीत सरकू लागतं.

गंमत अशी, की ‘ट्वायलाइट झोन’चे सहा भाग खरोखरच व्हिडिओटेपवर झाले आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये खर्च आटोक्यात आणण्यासाठी हा प्रयोग झाला. भागामागे वाचले जेमतेम पाचेक हजार डॉलर, पण बाहेरचं चित्रण गेलं, प्रकाशयोजना सपाट झाली आणि टेपचं संकलन तेव्हा फार किचकट होतं. प्रयोग तिथेच थांबला. ‘ट्वेंटी टू’, ‘स्टॅटिक’, ‘नाइट ऑफ द मीक’, ‘लाँग डिस्टन्स कॉल’, ‘द होल ट्रुथ’ आणि ‘द लेटनेस ऑफ द अवर’ हे ते भाग. ते वेगळे दिसले तर सेटिंग बिघडलं समजून टीव्हीशी खटपट करू नका.

दुसरा शत्रू म्हणजे ऑटोप्ले. कथा संपली असं वाटून चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. नेमकं तेव्हाच ‘ट्वायलाइट झोन’चा कर्ता आणि निवेदक रॉड सर्लिंग याचं समारोपाचं निवेदन चालू असू शकतं. हिचकॉकच्या मालिकेत तर हे नुकसान मोठं. गुन्हेगार सहीसलामत सुटलेला दाखवणं त्या काळच्या टीव्हीला चालत नसे, म्हणून तो पुढे कसा पकडला गेला हे हिचकॉक शेवटी येऊन निर्विकार चेहऱ्याने सांगून टाकायचे. १३ एप्रिल १९५८च्या ‘लॅम्ब टू द स्लॉटर’मध्ये (शेवट ठाऊक नसेल त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत) ते सांगतात, की गोठलेल्या मांसाच्या तंगडीने नवऱ्याला मारणाऱ्या बाईने दुसऱ्या नवऱ्यावरही तोच प्रयोग केला. पण तो पडला विसरभोळा, फ्रीझरचा प्लग लावायचंच विसरला होता आणि मांस पार मऊ पडलं होतं! नियमाचं पालनही झालं आणि नियमाची टरही उडाली. हे ऐकायचं तर ऑटोप्ले बंद हवा. ती सोय बहुधा टीव्हीच्या नव्हे, आपल्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सापडते.

‘ट्वायलाइट झोन’चा १९६३चा चौथा सीझन सगळ्यात शेवटी ठेवावा. त्याचे अठराही भाग तासाभराचे आहेत, आणि पंचवीस मिनिटांत चपखल बसणारी कलाटणी तिथे बऱ्याचदा ताणल्यासारखी वाटते.

आपला,
एक वाचक