पारावरचा वाद

महोदय,

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात संध्याकाळी पारावर एकच वाद रंगतो : जुनी माणसं कष्टाळू की नवी पोरं हुशार? मला तो बोचतो.

माझ्या बाबांनी १९७२ च्या दुष्काळात गिट्टी फोडली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला. घरची सरकी शेणमातीत चोळून, वाळवून ते पेरत. बियाण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. कपाशीत तुरीची ओळ, धुऱ्यावर अंबाडी. एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागे. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं बियाणं, आलं आणि आमच्या पिढीनं दरसाल बियाण्याचं पाकीट घेणं पत्करलं. उत्पन्न वाढलं, पोरं शिकली. पण सरकी राखायची विद्या आमच्याच हातून गेली, हे कबूल केलं पाहिजे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, तेव्हा आम्ही हताश होऊन बघत राहिलो.

आज माझा पुतण्या रोज सकाळी कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारा सापळा) बोंडअळीचे पतंग मोजतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ सापडले तरच फवारणी. परवा त्यानं बाबांना विचारलं, तुम्ही फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी ठेवून पुढचं पीक, का घेत नव्हते? "पऱ्हाटी येळेवर उपटली का वावर मोकळं होते, पोरा," ते म्हणाले. अळीचं चक्र तोडायला आज तज्ज्ञही हेच सांगतात. पुतण्यानं ते वहीत लिहून घेतलं.

कृषी विभागानं शेतीशाळांत पोरांसोबत या म्हाताऱ्यांनाही सन्मानानं बोलवावं, ही कळकळीची विनंती.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ