इयत्ता एक, पण शरीरांची वये निरनिराळी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाली की वर्गातील मुलांची उंची आणि वजन नोंदवण्याचे काम दर वर्षी माझ्याकडे येते. गेली एकोणीस वर्षे मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवते आहे. सातवीच्या एकाच वर्गात, जवळजवळ एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांमध्ये, सर्वांत उंच मुलगी आणि सर्वांत ठेंगणा मुलगा यांच्यातील फरक वीतभराहून अधिक भरतो. भिंतीला पाठ टेकवून उभे राहिल्यावर तो मुलगा हळूच टाचा उचलतो आणि ती मुलगी गुडघे किंचित वाकवते. त्या टाचा आणि ते गुडघे इतकी वर्षे पाहिल्यावर जे मनात साचले आहे, ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः पालकांसमोर, मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वर्षांत केव्हाही होऊ शकते, आणि ही सारी वये निकोप वाढीचीच आहेत. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग, प्रथम रात्रीच्या झोपेत, ठरावीक अंतराने पियुषिका ग्रंथीला इशारे देऊ लागतो. तिच्यातून स्रवणारी संप्रेरके अंडाशयांना किंवा वृषणांना कामाला लावतात आणि तेथून पुढचे सारे बदल सुरू होतात. हे इशारे कधी सुरू व्हावेत ते आनुवंशिकता, पोषण आणि एकंदर आरोग्य यांवर ठरते; मुलाच्या इच्छेवर किंवा संस्कारांवर नाही. मार्शल आणि टॅनर या ब्रिटिश संशोधकांनी १९६९ मध्ये मुलींच्या आणि १९७० मध्ये मुलग्यांच्या वाढीची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांतील पाच टप्पे डॉक्टर आजही वापरतात. टप्प्यांचा क्रम बहुतेकांमध्ये सारखा असला, तरी सुरुवातीचे वय आणि पुढचा वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे शरीर जवळजवळ प्रौढ झालेले असू शकते आणि दुसऱ्याचे अजून पुरते बालपणात असू शकते. जन्मतारखेवरून आपण त्यांना एका वर्गात बसवतो, ते योग्यच आहे. चूक पुढे होते, कारण त्यांच्याशी वागताना आपण जन्मतारीख विसरतो आणि अंगकाठी पाहतो.

या चुकीत मीही सहभागी होते. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती, वयाने साडेदहा वर्षांची, दिसायला चौदा-पंधरा वर्षांची. रांगेत ती नेहमी सर्वांत मागे, दप्तर पाठीवर न घेता छातीशी कवटाळून, खांदे पाडून उभी राहायची. एकदा रंगपेटी हरवली म्हणून ती रडू लागली, तेव्हा मी तिला म्हटले, “एवढी मोठी झालीस आणि रडतेस काय?” तिने रडणे तत्काळ थांबवले आणि त्यानंतर वर्षभर ती माझ्यासमोर कधी रडली नाही. तिच्याच वयाची, पण चणीने लहान असलेली दुसरी मुलगी त्या जागी असती, तर मी तिला जवळ घेतले असते, हे माझ्या लक्षात आले तोवर उशीर झाला होता. लवकर वयात येणाऱ्या मुलीला घरात खेळ बंद करायला सांगितले जाते, बाहेर मोठ्या माणसांच्या नजरांना आणि शेरेबाजीला तोंड द्यावे लागते, आणि त्या नजरांबद्दल तिलाच जपून राहायला बजावले जाते. अशा मुलींमध्ये खिन्नतेचे आणि चिंतेचे प्रमाण जास्त आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. जिच्या सोबतिणी अजून बाहुल्यांशी खेळत आहेत, तिने पाळीविषयी बोलायचे तरी कोणाशी?

मुलग्यांचे दुःख उलट्या बाजूने येते. मुलींची उंचीतील झेप त्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी येत असल्यामुळे अकराव्या-बाराव्या वर्षी मुलगे आधीच मागे पडल्यासारखे दिसतात, आणि त्यांतही ज्याला सर्वांत उशीर होतो त्याच्या वाट्याला ‘बुटक्या’, ‘पिल्लू’ अशी नावे येतात. मेरी कव्हर जोन्स आणि नॅन्सी बेली यांनी कॅलिफोर्नियातील मुलग्यांच्या वाढीचा अनेक वर्षे मागोवा घेऊन १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांत लवकर वाढलेले मुलगे निरीक्षकांना अधिक शांत आणि आकर्षक वाटले होते, तर उशिरा वाढणारे अधिक चुळबुळे आणि लक्ष वेधून घेण्यासाठी धडपडणारे दिसले होते. वर्गात सतत विदूषकी करणारा, प्रत्येक उत्तराला शेरा मारणारा मुलगा पुष्कळदा सर्वांत ठेंगणा असतो, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याला शिक्षा करण्यापूर्वी मी आता थांबते.

आणखी एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलग्यांच्या स्तनांच्या जागी काही काळ गाठ किंवा फुगवटा येतो, दुखतोही. संप्रेरकांच्या तात्पुरत्या असमतोलामुळे हे होते आणि बहुतेकांचे सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. पण ही माहिती नसलेला मुलगा पोहायला जाणे सोडतो, उन्हाळ्यातही दोन शर्ट घालतो आणि आपण मुलगा आहोत की नाही, या भीतीत महिनोन्‌महिने एकटा राहतो. मुलींना निदान पाळीविषयी, अपुरे का होईना, काहीतरी सांगितले जाते. मुलग्यांना आवाज फुटणे, मिसरूड फुटणे, झोपेत वीर्यस्खलन होणे यांविषयी घरात बहुधा एक शब्दही ऐकायला मिळत नाही.

शरीर लवकर वाढले म्हणून बुद्धीही तितकीच पुढे जाते, असेही नाही. परिणामांचा विचार करणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणूनच ‘घोड्याएवढा झालास तरी अक्कल नाही’ हे वाक्य अपमान करणारे तर आहेच, शिवाय शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचेही आहे.

माझी पालकांना विनंती आहे की बदल दिसू लागण्याची वाट पाहू नये. आठव्या-नवव्या वर्षीच मुलगी आणि मुलगा दोघांना पुढे काय होणार आहे आणि ते प्रत्येकाचे वेगवेगळ्या वेळी होते, हे साध्या शब्दांत सांगावे. पाहुण्यांसमोर मुलांच्या उंचीवर, मुरुमांवर, अंगावर टीका करणे थांबवावे. मुलीमध्ये ८ वर्षांपूर्वी किंवा मुलामध्ये ९ वर्षांपूर्वी बदल दिसले, अथवा मुलीत १३ आणि मुलात १४ वर्षे पूर्ण होऊनही एकही खूण दिसली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे; एरवी भावंडांशी आणि शेजारच्या मुलांशी तुलना करू नये. शाळांनी कुस्ती किंवा धक्काबुक्कीच्या खेळांत केवळ इयत्ता न पाहता शरीराची वाढही लक्षात घ्यावी. इंग्लंडमधील फुटबॉल प्रशिक्षण केंद्रांत असे गट पाडून पाहिले गेले आहेत.

आता मी उंची मोजण्याआधी एक तास याच विषयावर बोलते, आणि मोजताना वर्गात एका वेळी एकच मूल असते. गेल्या वर्षी सातवीतला सर्वांत ठेंगणा मुलगा मोजून झाल्यावरही दारात घुटमळत राहिला आणि म्हणाला, “बाई, माझं राहून तर नाही ना गेलं?” उशिरा वाढण्याचा कल पुष्कळदा घराण्यात असतो, म्हणून मी त्याला वडिलांना विचारायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या तासाआधीच आला. त्याचे वडील दहावीपर्यंत वर्गात सर्वांत बुटके होते आणि पुढच्या दोन वर्षांत वाढले होते. त्यांनी ही गोष्ट त्याला त्याआधी कधीच सांगितली नव्हती.

आपली,
एक शिक्षिका