‘घरीच थांबा’ सांगताना घरातल्या विजेचाही विचार व्हावा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की महापालिका, पोलीस, रेल्वे सगळ्यांचे सांगणे एकच असते : गरज नसेल तर घराबाहेर पडू नका. ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घराबाहेर अडकलेल्यांचे काय हाल झाले ते कुर्ला-कलिन्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको. पण घरी थांबल्यावर वीज गेली तर घरातल्या आजारी माणसाने काय करायचे? या प्रश्नासाठीच हे पत्र लिहिते आहे. मी कुर्ला पूर्वेतल्या एका सात मजली इमारतीच्या सोसायटीची सचिव आहे.

पाणी तुंबल्यावर पुरवठा बंद करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. आमची मीटरची खोली तळमजल्यावर आहे. तिथे पाणी शिरलेले असताना वीज चालू राहिली तर त्या पाण्यात पाय ठेवणाऱ्याचा जीव जाईल. ‘लाइट कधी येणार’ म्हणून रहिवाशांचे फोन येतात, तेव्हा पाणी ओसरून, तपासणी झाल्याशिवाय ती येऊच नये, असे मीच त्यांना सांगते.

अडचण पुढची आहे. वीज गेली की पंप बंद, म्हणजे गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढेच पाणी. लिफ्ट बंद, म्हणजे गुडघे गेलेली माणसे वरच अडकली. एवढे आम्ही निभावून नेतो. पाणी आधी भरून ठेवतो, मेणबत्तीऐवजी बॅटरी वापरा म्हणून बजावतो, फ्रिज उघडू नका म्हणतो, कारण बंद फ्रिजमधले अन्न साधारण चार तास टिकते.

निभावता येत नाही ते वेगळेच. आमच्याकडे पाचव्या मजल्यावरच्या काकांना फुप्फुसाच्या आजारामुळे दिवसाचे बरेच तास ऑक्सिजन लागतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र आहे, पण ते विजेवर चालते. गेल्या पावसाळ्यात वीज बंद केली गेली ती कुठलीही पूर्वसूचना न देता. घरातला सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशेब काकू अंधारात करत बसल्या होत्या. शेवटी मुलांनी काकांना खुर्चीत बसवून पाच मजले खाली आणले आणि कमरेएवढ्या पाण्यातून रिक्षा मिळेल तिथपर्यंत नेले. ‘घराबाहेर पडू नका’ असा इशारा होता त्याच दिवशी.

असे रुग्ण आता थोडे नाहीत. कोविडनंतर कॉन्सन्ट्रेटर घरोघरी पोचले. कोणाला रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारे यंत्र लागते, कोणाला औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी ग्रिड कोलमडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्याची बातमी सगळीकडे झाली. घरी यंत्रावर असलेल्यांची त्या दिवशी कोण विचारपूस करणार होते? ते कुठे राहतात याची यादीच नव्हती.

ती यादी करा, ही माझी मुख्य मागणी. ब्रिटनमध्ये वीज कंपन्या अशी नोंद ठेवतात. तिथे नाव असलेल्या ग्राहकाला वीज जाणार असल्यास आधी कळवतात, गेल्यावर मदत करतात. आपल्याकडे शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. कंपन्या वेगळ्या असल्या तरी प्रत्येकीकडे ग्राहक क्रमांक आहे आणि बहुतेकांचा मोबाइल नंबरही. बिलाचा मेसेज मुदतीत येतो, मग ‘अर्ध्या तासात पुरवठा बंद करत आहोत’ हा मेसेज यायला काय हरकत आहे? डॉक्टरांचे पत्र जोडून नाव नोंदवता यावे. पाणी वाढताना त्या घरी आधी फोन जावा. आणि वीज लवकर येणार नसेल तर भरलेला सिलिंडर किंवा रुग्णवाहिका पाठवायची जबाबदारी वॉर्डातल्या कोणावर आहे, हे महापालिकेशी बसून ठरवावे. महापालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक आहेच. पण तो गुदमरणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी शोधून फिरवायचा, हा उलटा क्रम झाला.

दुसरी गोष्ट जनरेटरची. छोटे पेट्रोल जनरेटर हल्ली भाड्याने सहज मिळतात आणि पाऊस म्हणून ते जिन्याखाली किंवा बाल्कनीत लावलेले मी पाहिले आहेत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत टेक्सासला हिमवादळात वीज गेली, तेव्हा बंद घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून लोक याच वायूने मेले. रेड अलर्टच्या मेसेजमध्ये ‘जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून लांब’ एवढी एक ओळ तरी घाला.

मीटरच्या खोल्या वर उचलणे हा खरा उपाय, पण खर्च मोठा आहे. म्हाडाच्या जुन्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना तो एकट्याने झेपणार नाही. त्यासाठी वीज कंपनीने वाटा उचलावा, असा आदेश आपण काढू शकता का, हे कळवावे.

यादीला मात्र बांधकाम लागत नाही. येत्या ३१ मेपर्यंत नोंदणीचा अर्ज निघाला, तर आमच्या इमारतीतले चार अर्ज भरून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव,
कुर्ला (पूर्व), मुंबई