डबल बासवाल्या माएस्त्रोंना

माएस्त्रो,

शनिवारचा कार्यक्रम होऊन चार दिवस झाले, तरी माझ्या उजव्या तळहाताला अजून ते लाकूड जाणवतंय. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण अगदी आतलं काही बोलायचं झालं की मला मराठीच सुचते. आणि ब्यूनस आयर्समध्ये मला कोण भेटलं, हे माझ्या माणसांनाही कळायला हवं.

पुण्यात मी चौदा वर्षं व्हायोलिन शिकले, मांडी घालून, गायकी अंगानं. आई काळी चार या पट्टीत गायची, म्हणून माझ्या ताराही त्याच हिशेबानं लावलेल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि इथल्या टँगोचे संगीतकार पियासोला यांच्या ‘वेरानो पोर्तेन्यो’नं मला धरून ठेवलं. या बंदराच्या शहराचा उन्हाळा. १९६५ मध्ये त्यांनी तो एका नाटकासाठी लिहिला. आपण वाजवतो ती एकल व्हायोलिन आणि तंतुवाद्यांसाठीची मांडणी लिओनिद देस्यात्निकोव्ह यांची, नव्वदच्या दशकातली. तिच्यात मध्येच विवाल्दीच्या ‘फोर सीझन्स’मधला हिवाळा डोकावतो, कारण इथे डिसेंबरात घामाच्या धारा लागतात तेव्हा तिकडे युरोप गारठलेला असतो. हे कळल्यावर तर मला ती रचना वाजवल्याशिवाय चैनच पडेना.

तुमच्याआधी मी दोन ठिकाणी शिकायला गेले होते. पहिल्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, तुमच्या संगीतात हार्मनी नसते, सूरपट्टीचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही. दुसऱ्यांनी मेट्रोनोम, म्हणजे लयीची टकटक करणारं यंत्र, लावून दिला आणि स्वतः फोनमध्ये डोकं घातलं. मधल्या संथ भागात मी त्या टकटकीच्या जरा मागे राहिले की सगळ्यांना थांबवायचे. एकदा म्हणाले, टँगो रक्तात असावा लागतो. त्या रात्री व्हायोलिन पेटीत गेलं ते सात महिने बाहेर आलं नाही. पियासोलांनाही याच शहरात कित्येक वर्षं ‘हा टँगोच नव्हे’ असं ऐकून घ्यावं लागलं होतं. निदान त्यांचं संगीत शिकवणाऱ्यांनी तरी रक्ताच्या गोष्टी करू नयेत.

तुमच्याकडे आल्यावर मी भीत भीत विचारलं होतं, हे सगळं अर्धा सूर खाली, काळी चारला घेतलं तर काय बिघडेल? माझी बोटं तिथे रुळलेली आहेत. तुम्ही हसला नाहीत. बासच्या चारही तारा मोकळ्या छेडल्यात, त्यांचे सूर ‘मी’, ‘ला’, ‘रे’, ‘सोल’. मग व्हायोला, मग चेलो, आणि शेवटी वाकून माझ्याच व्हायोलिनची तार छेडलीत. ‘ला’ प्रत्येकाकडे होता, मोकळ्या तारेवर. ही रचना ए मायनरची, आणि ए म्हणजेच ‘ला’, आमच्या पेटीवर षड्ज पांढरी सहाला. तो सूर कुणीही वाजवला की बाकीच्यांच्या मोकळ्या तारा आपसूक गुंजतात. अहो, हा तर तंबोराच! अर्धा सूर खाली उतरलो असतो तर षड्ज-पंचमाला एकही मोकळी तार उरली नसती आणि अख्खा वाद्यवृंद मुका झाला असता. काळी चारचा हट्ट मी त्याच क्षणी सोडला.

पण मला खरं सांगायचंय ते लयीबद्दल. संथ भागात मी पुन्हा अडकले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “पिबा, इकडे ये.” पिबा म्हणजे पोरी. माझ्या हातातला गज काढून खुर्चीवर ठेवलात, माझा हात मनगटाला धरून उचललात आणि तळवा बासच्या खांद्यावर टेकवलात. मग वाजवायला लागलात. बाकी काही समजावलं नाहीत. दोन-तीन आवर्तनं गेली असतील. ठोका पडायच्या आधीच लाकूड थरथरत होतं! खालून काहीतरी फरफटत वर यायचं आणि मग ठोका पडायचा. त्याला तुम्ही ‘अर्रास्त्रे’ म्हणता हे नंतर कळलं, पण ती ओढ हाताला आधीच कळली होती. टकटकीतून ती मला कधीच ऐकू आली नव्हती. विलंबित ख्यालात ठेका चालू असतो, गाणारा रेंगाळतो, मध्येच सुटतो आणि समेवर येऊन मिळतो, हे तर मी लहानपणापासून ऐकत आलेय. इथे त्याला ‘फ्रासेओ’ म्हणतात एवढंच. माझ्याकडे जे होतं ते चुकीचं नव्हतं, हे तुम्ही एका हाताच्या स्पर्शानं सांगितलंत, माएस्त्रो. त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून रडले.

माणसाला असं सहज सांभाळून घेणारे लोक मला आधीही भेटलेत. लक्ष्मी रोडवर एका दुकानदारांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या व्हायोलिनची तार काढून मला दिली होती. नवी मागवायला वेळ नव्हता आणि पैसे घ्यायला ते तयार नव्हते. तुमच्या हातात मला त्यांचा हात दिसला.

जलद भागातल्या तीन-तीन-दोन अशा वजनासाठी मी मनातल्या मनात “तकिट तकिट तक” म्हणत होते, तेही तुम्ही हेरलंत. मला वाटलं होतं, सोडून दे म्हणाल. तुम्ही ते शिकून घेतलंत. शनिवारी दिवे मंद झाले, माझे हात गार पडले, आणि मागून तुमचा तो खर्जातला आवाज आला, तकिट तकिट तक, तालमीतल्याच लयीत. मी गज उचलला.

आईला व्हिडिओ पाठवला. दोनदा पाहून तिचा फोन आला. वाजवणं कसं झालं ते तिनं नंतर सांगितलं. आधी विचारलं, “ते उंच वाद्य घेऊन उभे आहेत ते कोण गं? सारखी त्यांच्याकडे बघतेयस.” मी तिला सगळं सांगितलं. तिनं तुम्हाला नमस्कार कळवलाय.